बाबांची मयत आणि माझं ट्रम्पेट

आमचे बाबा मरायला केव्हाचे तयार होते, मला ट्रम्पेट वाजवता येत नव्हतं म्हणून थांबले होते.

बाबा आमच्या बँड पार्टीचे मास्तर. आमची वस्ती कनेरगाव नाक्यापासून बरीच आत, पण बाबांनी वस्तीत फुंकलं की नाक्यावरच्या धाब्यात बसलेली माणसं म्हणायची, "निघाली वरात!" माझं ट्रम्पेट मात्र वरातीतल्या घोड्यालाही ऐकू येत नसे. (घोडा माझ्या शेजारीच चालायचा.) पुढे दम्यानं बाबांचा श्वास फुंकायला पुरेना आणि त्यांचं ट्रम्पेट माझ्या हातात आलं. खाटेवर पडून त्यांनी एकच मागणं मागितलं.

"माझ्या मयतीला तूच वाजव. अन् नाक्यापस्तोर ऐकू आलं पायजे. न्हाईतर मी उठून बसंन!"

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्हा झाली होती. सगळ्याचीच वाढ होत होती, माझा आवाज सोडून.

बाबांनी खाटेवरूनच शाळा सुरू केली. नारळाच्या करवंटीला भोक पाडलं, कडेनं चिंधी गुंडाळली आणि ती ट्रम्पेटच्या भोंग्यात बसवली. शहरातले बँडवाले याला म्यूट म्हणतात. त्यानं आवाज दबतो, फुंकणाऱ्याला दुप्पट जोर लावावा लागतो, आणि अशी छाती तयार झाली की करवंटी काढायची. मग आवाज भिंती पाडतो, असं बाबांचं म्हणणं.

"एक सूर लांब धर. मी खोकलो की थांब," ते म्हणाले.

पण दमेकरी माणूस! मी सूर धरायच्या आत ते खोकायचे. महिनाभर मी फक्त थांबण्याचा सराव केला.

नंतर नंतर तर आवाज आणखीच दबू लागला. मी गाल फुटेस्तोवर फुंकायचो, बाहेर यायची नुसती कुरकुर.

"काहून रे, आवाज कमी कमी होऊन राहिला?" एका दुपारी बाबांनी विचारलं.

"छाती तयार होऊन राहिली, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात ते गेले. पोराचा मोठा आवाज त्यांनी ऐकलाच नाही, हे मला आजही खुपतं.

बुद्धवंदना झाली. तिरडी उचलली. मी करवंटी काढून खिशात टाकली (एवढाही मी मूर्ख नाही!) आणि पोटातून फुंकलं. फुस्स!

सगळे बघू लागले. पुन्हा फुंकलं. फुस्स! जोर लावून लावून डोळ्यांत पाणी आलं.

"कंठ दाटला लेकराचा!" शेजारच्या जनाबाईनं हंबरडा फोडला.

झालं! अख्खी वस्ती रडायला लागली. खांदेकरीही रडू लागले, तिरडी हिंदकळू लागली. मला वाटलं, बाबा आता शब्द खरा करतात!

"राहू दे बाबू, नको वाजवू," ढोलवाले तुकारामकाका माझा खांदा दाबत म्हणाले.

"काका, दुःख न्हाई, हवा अडकून राहिली!"

"व्हय, व्हय. दुःखात असंच होतं."

आता मी हट्टाला पेटलो. तिरडीच्या पुढ्यात उभा राहिलो, डोळे मिटले आणि महिनाभर साठवलेला दम एकदम सोडला. भोंग्यातून काहीतरी लाल सुटलं आणि थेट बाबांच्या छातीवरच्या फुलांत जाऊन पडलं.

माझ्या पोरीचं टोपडं!

"मीच खुपसलं व्हतं," बायको पदराआडून पुटपुटली. "नुसत्या करवंटीनं भागंना. मामंजीला झोप लागंना, लेकरू दचकून राहिलं…"

"अन् काढलं काहून न्हाई?"

"तुमी कवा वाजवून राहिले अन् कवा न्हाई, ते कळंल तर काढू ना!"

पहिली हसली ती आई. रडता रडताच तिला ठसका लागला. "नातीचं टोपडं घेऊन चालले व्हय!" ती बाबांना म्हणाली, आणि मग कुणालाच आवरेना. खांदेकऱ्यांनी तिरडी खाली टेकवली आणि पोट धरून बसले. मीही हसलो, आणि हसता हसता इतका रडलो की पुढे ओठ जुळेनातच. स्मशानापर्यंत एकही सूर वाजला नाही.

माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, सेनगावहून जीपनं येता येता उशिरा पोचले.

"नाक्यावर उतरलो न्हाई तोच आवाज आला!" ते म्हणाले.

माझी छाती फुगली. "ट्रम्पेटचा?"

"न्हाई, हसण्याचा. मला वाटलं, मयत दुसरीकडंच हाय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काय हो, एवढे बँडवाले तुमी, अन् बाबाच्या मयतीला ट्रम्पेटवाला न्हाई मिळाला का?"

ट्रम्पेट काखेत मारूनच मी उभा होतो.

"न्हाई मिळाला," मी म्हणालो.