दारापासून एक पाऊल

ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी मी लोकांच्या घरी जेवण पोचवतो. घराला तेवढाच हातभार. या कामात कुणी न शिकवता एक सवय लागली. बेल वाजवली की एक पाऊल मागे सरायचं, थोडं बाजूला. अगदी दारात उभं राहिलं की आतली माणसं अवघडतात. पार्सल हात लांब करून द्यायचं आणि आत बघायचं नाही. तरी दिसतंच काहीतरी, खुर्चीवर वाळत टाकलेला शाळेचा शर्ट, टीव्हीसमोर पेंगणारे आजोबा. वाटतं, ही घरं आपल्या ओळखीची आहेत. तेवढ्यात दार लागतं.

हे मागे सरणं म्हणजे अदब, भीती की नुसती सवय, मला सांगता येत नाही. आधी मी असा नव्हतो बहुतेक.

आज दुपारी काम संपवून घरी आलो. येताना दही घेतलं होतं. किल्ली खिशात होती, तरी बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, तेव्हा मी जिन्याच्या कठड्याला टेकून, दह्याची पिशवी पुढे धरून उभा होतो. तिनं पिशवी घेतली नाही. दार आणि माझ्यामधल्या मोकळ्या जागेकडे ती बघत राहिली.

"अहो, सोबत कोणी आलंय का?"

नाही म्हणायच्या आधी मीही मागे वळून पाहिलं.