कस्तुराबाईंचा वाफा-वाफा

१९४१ सालची हिवाळ्यातली सकाळ. चुलीवर आधण, माझे हात कणकेत, आणि आमचे मास्तर अंगणात उन्हाला पाठ देऊन दाढी करत बसलेले. तेवढ्यात दाराची कडी वाजली. कस्तुराबाई. रिसोडच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा. बाजार उरकला की दुपारी टोपली घेऊन येतात. आज सकाळीच आल्या, त्याही रिकाम्या हातांनी.

"काय हो, टोपली कुठाय?"

"भाजी नाई आनली, बाई. भांडाले आली. मास्तर हायेत ना घरी?"

ह्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

ह्यांनी शाळेच्या संमेलनासाठी मुलांचा 'वाफा-वाफा' हा खेळ बसवायला घेतला होता. आदल्या दिवशी बाजाराला जाताना कस्तुराबाईंनी तो कुंपणावरून पाहिला. चुन्याने आखलेले वाफे, प्रत्येकाच्या तोंडाशी एक मुलगा. त्याचा पाय म्हणजे बांध. हात धरून पळत येणारी मुलांची रांग म्हणजे दांडातलं, पाटातलं पाणी. पाय उचलला की पाणी आत. ज्याच्या वाफ्यात जास्त मुलं ओढली जातील तो जिंकला, असा मास्तरांचा नियम.

"काहून हो मास्तर, सारेच वाफे एकदम फोडता? पानी हाय का लुटालूट?"

"अहो, मुलांनीच सांगितला मला. जुना खेळ असेल, थोडा बदलला."

"जुना? मंग मी का लय जुनी हावो? म्या काढला तो!"

त्या आठ वर्षांच्या होत्या. वडील पुंजाजी मोटेवर, आणि ही पोर दांडावर पाणी वळवायला. एक दिवस पहिल्या वाफ्याचं तोंड न बुजवताच हिने दुसरा फोडला. पाणी वाटलं गेलं, दोन्ही वाफे अर्धेच भिजले, मेथी निम्मीच उगवली. पुंजाजींनी हात उगारला नाही. महिनाभर पाण्याचं काम मात्र काढून घेतलं. तेच हिला लागलं. धाकटा भाऊ इंद्रभान आणि शेजारच्या मळ्यातली पोरं गोळा करून तिने कोरड्या रानात हा खेळ मांडला. रांग वाफ्यात फिरून बाहेर पडली की पाय खाली, मगच पुढच्याने उचलायचा. दोन वाफे एकदम फुटले, रांगेचे हात सुटले, की दोघंही बाद.

"महिन्यानं बाबाले म्हटलं, आता देऊन पाहा. एका सकाळी चाळीस वाफे भिजवले, मास्तर. एक कोरडा नाई राह्यला. तवापासून दांडावरची कुदळ माह्याच हातात. आजूबाजूच्या मळ्यातले पोट्टे बी त्याच खेळातून पानी वळवाले शिकले."

हे सांगताना बाईंची मान अशी ताठ, की टोपली नव्हती तरी डोक्यावर काहीतरी तोललेलं वाटावं. ह्यांच्या एका गालावर साबण वाळून गेला होता. मला हसू आलं, आणि खरं सांगते, ओळख असल्याचा अभिमानही वाटला.

"मग मी काय करू म्हणता, कस्तुराबाई?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला. शाळेच्या फाटकाच्या आत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"मले उद्या शाळेच्या आंगनात येऊ द्या. पोरायले एक डाव खेळून दावतो."