फायबरला बांधलेल्या पताका

"त्येच्या छपरावनं वायर आणली तर शिडी काढून घेतो बघा, पावणं!"

मी शिडीवर, आप्पा खाली, शिडीचा पाय त्यांच्या मुठीत. शिवाजी पेठेतली गल्ली. आप्पा साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आणि मी ब्रॉडबँडच्या लायनी ओढणारा टेक्निशियन. वीस वर्षं हेच करतोय, पण पत्र्याशी वैर धरणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आमचा बॉक्स पलीकडच्या खांबावर. मधे फक्त शेजारच्या नानांचं घर. त्यांच्या पत्र्यावरून वायर आणली की अर्ध्या तासात काम खलास. पण इथं प्रत्येक तालमीची आपली फुटबॉल टीम, आणि नाना आप्पांच्या विरुद्ध टीमचे. गेल्या सिझनला आप्पांची टीम हरली तेव्हा नानांनी आप्पांच्याच दारात फटाक्यांची माळ लावली. तेव्हापासून बोलणं बंद. प्लॅनसुद्धा आप्पांनी सगळ्यात मोठा घेतला. का, तर नानांकडं त्याच्या खालचा होता. एवढं स्पीड कशाला, विचारलं तर म्हणाले, "लागंल की कवातरी."

नेट खरं हवं होतं त्यांच्या सुनेला, प्राजक्ताला. ती पुण्याच्या कंपनीसाठी इन्शुरन्सचे क्लेम तपासायची. कंपनीनं घरून काम द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाइनची टेस्ट. पास झाली तर ती इथंच. नाही तर सोमवारपासून ती पुण्याला, आणि दोन वर्षांची लेक इथं सासूजवळ.

मी बॉसला फोन लावला. "सर, कस्टमर गल्लीला वळसा घालून वायर मागतोय. मधे जॉइंट येतात, वर गल्ली ओलांडून लोंबणार. टिकायची नाही."

"म्हणतोय तसं कर. आज इन्स्टॉलेशन क्लोज दाखवायचंय."

फायबर म्हणजे आत केसाएवढी काच. तिच्यातून उजेड पळतो, तेच तुमचं नेट. काच जास्त वाकली की उजेड बाहेर सांडतो, ताण आला की ती तुटते. हे सगळं आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "वायर ती वायर. आमच्यात वायरीवर धुणं वाळत घालत्यात."

घ्या! वळसा घातला. राउटरवर हिरवा दिवा लागला आणि काम क्लोज झालं. चुकीचं करतोय हे मला कळत होतं, तरी केलं.

सकाळी नऊला प्राजक्ताचा फोन. "दादा, लाल दिवा लागलाय!" लाल दिवा म्हणजे उजेड घरापर्यंत पोचतच नाही. पंधरा मिनिटांत गल्लीत पोचलो, मान वर केली आणि कपाळावर हात मारला. मॅचचा दिवस. माझ्या फायबरला या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका बांधलेल्या, गाठी मारमारून. मधोमध चादरीएवढा झेंडा.

"हे कुणी बांधलं?"

"म्या," आप्पा छाती काढून म्हणाले. "आयती दोरी व्हती. वायर माझीच न्हवं?"

धन्य तो माणूस! सुनेची लाइन तोडून वर झेंडा फडकवलेला, आणि कौतुकाची वाट बघत उभा.

वळशानं परत वायर ओढायला दोन तास लागतील, नानांच्या पत्र्यावरनं अर्धा, असं मी सांगितलं. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं, लेकीला कडेवर घेतलं आणि सरळ नानांच्या दारात गेली.

"नाना, तुमच्या पत्र्यावरनं वायर न्यायची हाय. दहाला माझी टेस्ट हाय."

नाना चहा पीत होते. "मग कालच का न्हाई इचारलं? चढा की, पावणं. मॅच मैदानात हाय, पत्र्यावर न्हाय."

"प्राजक्ता, माघारी फिर!" आप्पा ओरडले.

ती वळली. "आप्पा, एका झेंड्यापायी तुम्ही माझी लेक माझ्यापासनं तोडायला निघालाय. आता एक शब्द बोलू नका."

खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.

दहाला सात मिनिटं कमी असताना हिरवा दिवा लागला. टेस्ट पास झाली. प्राजक्ता लेकीला छातीशी धरून रडली. मी शिडी आवरत होतो, तर आप्पा जवळ येऊन हळूच म्हणाले, "पावणं, त्या वायरीवर त्यो नाना त्येंच्या टीमचा झेंडा तर न्हाई न्हवं बांधणार?"

मी शिडी खांद्यावर टाकली आणि निघालो.

ऑफिसात फॉल्टचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'ग्राहकाची अक्कल आणि आपली घाई'. बॉसनं ते खोडून 'तांत्रिक कारण' केलं. वीस वर्षांत असली तांत्रिक कारणं पुष्कळ बघितली. त्यात मशीनचा दोष क्वचितच सापडला.