गुडाखूने धुतलेलं तोंड

"तंबाखू खाता का?" डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी जरा रागानेच नाही म्हटलं. जन्माने ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, दर रविवारी चर्चमध्ये उभी राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचणारी बाई मी. मला कसलं विचारता?

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गॉजने माझी जीभ धरून बाजूला केली, कडेचा चट्टा पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "मग दात कशाने घासता?"

"गुडाखूने."

त्यांनी हातमोजे काढले. "मॅडम, गुडाखू म्हणजे तंबाखूच. गुळात कालवलेली." बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट त्यांच्यासमोरच होता. जिभेचा कॅन्सर होता.

आमच्या गोंदियाकडे, त्यातही छत्तीसगडच्या बाजूला, कितीतरी बायका सकाळी डबीतून बोटावर गुडाखू घेऊन दात घासतात. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. मला आईनेच शिकवलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या मास्तरांना मी स्टाफरूममध्ये चांगलं सुनवायचे आणि रविवारी शास्त्रपाठाआधी मुद्दाम दोनदा गुडाखू लावायचे. देवाचं वचन घाणेरड्या तोंडाने कसं वाचायचं, म्हणून. तुमच्या घरी ती डबी असेल तर आजच फेकून द्या, आणि तोंडातला छाला, म्हणजे फोड, बरा होत नसेल तर माझ्यासारखी ग्लिसरीन लावत बसू नका.

ऑपरेशन नागपूरला ठरलं. तिथले सर्जन सरळ बोलणारे. "जिभेचा एक भाग काढावा लागेल. बोलाल, पण पूर्वीसारखं नाही."

मी एकच विचारलं, वाचता येईल ना? ते म्हणाले, "वाचायला डोळे लागतात." त्यांना माझा प्रश्न कळला नाही आणि मला समजावून सांगवेना. नवरा गेल्यापासून गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात आठवडाभर तोंड उघडायला कोणी नसायचं. रविवारी मात्र अख्खं चर्च माझा आवाज ऐकायचं. तेवढं एक वाचन माझं म्हणून उरलं होतं.

ऑपरेशननंतर रायल्स ट्यूब लागली, म्हणजे नाकातून पोटापर्यंत गेलेली नळी. दूध, पेज, सगळं तिच्यातून. मुलगा ऑपरेशनला येऊन हैदराबादला परत गेला. नोकरी नवी होती, मीच जा म्हणून खुणावलं. तो व्हिडिओ कॉल करायचा. मला बोलता येत नव्हतं, त्याचं बोलणं लवकर संपायचं, मग आम्ही नुसते एकमेकांकडे बघायचो. "नेटवर्क कट होऊन राहिलं, आई," असं म्हणून तो फोन ठेवायचा. नेटवर्क चांगलं असायचं.

चर्चची मंडळी एकदा येऊन गेली. नाकात नळी असलेल्या बाईसाठी त्यांनी सफरचंदं आणली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, प्रभू, हिला पहिल्यासारखी कर. मीही मनात तेच मागितलं. ते गेल्यावर सफरचंदं शेजारच्या खाटेवरच्या बहिणीची सेवा करायला आलेल्या सयत्राबाईला दिली. ती दरेकशाकडची, धानाची शेती करणारी.

भेटायची वेळ मला सगळ्यात वाईट वाटायची. माझ्या खाटेजवळचं स्टूल रिकामं असायचं, म्हणून दुसऱ्यांचे नातेवाईक विचारून ते घेऊन जायचे. अशाच एका दुपारी, कुठे बघावं हे कळेना म्हणून मी बायबल उघडलं. यशया संदेष्ट्याचा उतारा निघाला. तो मंदिरात देवाला पाहतो, मंदिर धुराने भरतं, आणि तो म्हणतो की मी संपलो, माझे ओठ अशुद्ध आहेत.

हा उतारा मी कितीदा सुरेख वाचला होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. आता आवाजच नव्हता, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या माणसाने तोंड धुतलं नव्हतं. तो चूळ भरायला गेला नाही. आहे तसा उभा राहिला, आणि वेदीवरचा निखारा त्याच्याकडे आणून, ओठ शुद्ध व्हावेत म्हणून त्यांना लावला गेला. मी मात्र दर रविवारी तोंड घासून, पदर सारखा करून लोकांसमोर उभी राहत होते.

मला भीती वाटली. कॅन्सरची नव्हे, ती एव्हाना सवयीची झाली होती. इतक्या पवित्र देवाच्या इतक्या जवळ मी इतकी वर्षं उभी होते आणि मला कधी काही झालं नव्हतं, याची. मनात म्हटलं, माझंही तोंड अशुद्ध आहे. मग नुसतं रडू येत राहिलं.

"काऊन रडून राहिली व बाई?" सयत्राबाईने विचारलं. "कोणी येत नाही म्हून?" मी आधी नाही अशी मान हलवली, मग हो अशी. ती उठली, एका पाहुण्याला उठवून माझं स्टूल परत आणलं आणि म्हणाली, "घे, मीच बसतो." मग भेटायची वेळ संपेपर्यंत माझ्याजवळ बसून सफरचंद खाल्लं.

कोणी म्हणेल, आजार म्हणजेच तो निखारा. मी तसं म्हणणार नाही. आजार गुडाखूचा होता.

म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल, असं येशूला विचारणारा निकदेम मला नेहमी थोडा भोळा वाटायचा. नळी निघाली आणि स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या ताईने, आरशासमोर बसवून माझ्याकडून "प" आणि "म" म्हणवून घेतलं, तेव्हा त्याचा प्रश्न मला कळला. पाणी चमच्याने, लाळ पुसायला दुसऱ्याचा हात. बाळ स्वतः काहीच करत नाही, त्याला जन्म दिला जातो. मी जन्माने ख्रिस्ती आहे असं ठसक्यात सांगायचे. देवाने द्यायचा जन्म मी कधी घेतलाच नव्हता. तो मला त्या वॉर्डात मिळाला, आणि तो कोणाला सांगायला माझ्याकडे जीभही धड नव्हती.

मग रेडिएशन झालं, म्हणजे किरणांचा शेक. चव गेली, लाळ आटली. घरी आले तेव्हा कुलूप मीच उघडलं. एकटेपणा गेला असं मी लिहिणार नाही. संध्याकाळी तो अजूनही येतो.

चर्चमधलं वाचन दुसऱ्याकडे गेलं होतं. बरेच रविवार मागच्या बाकावर बसल्यावर मी पाळकसाहेबांकडे यशयाचा तोच उतारा वाचायला मागितला. ते अडखळले. "मॅडम, लोकांना समजलं पाहिजे ना."

"नाही समजलं तर घरी वाचतील," मी सावकाश म्हटलं. ते त्यांना समजलं.

मी वाचलं. देवासमोर उभे असलेले सराफ, म्हणजे देवदूत, एकमेकांना पवित्र, पवित्र, पवित्र असं म्हणतात, ते वाक्य आलं. "त्र" माझ्या जिभेला आता जमत नाही. तिन्ही वेळा तो शब्द मोडकाच निघाला. पुढच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. पूर्वी असं झालं असतं तर मी लाजेने मेले असते. त्या दिवशी मला लोक दिसतच नव्हते. मला भीती वाटत होती ती देवाची, आणि त्याच्यासमोर मी पहिल्यांदा वाचत होते.