फॉरेनचं पेट्रोल, टाकी फुल्ल!

मी माझ्या सख्ख्या आईला एकदा परदेशात पेट्रोल पंपावर गहाण ठेवलेलं आहे.

हे असं एकदम सांगितलं की माणसं खुर्चीत सरसावून बसतात, म्हणून आधीच सांगतो, आई सुटली. सध्या रायपूरला घरी आहे, ठणठणीत आहे, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा तीच जास्त रंगवून सांगते. (तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच येडा वाटतो. तेवढा नव्हतो. थोडा कमी होतो.)

आईला बुद्धाची जन्मभूमी लुंबिनी पाहायची होती. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे फुकटचा पास होता. पण बाबांची तऱ्हा अशी की जिथं पास चालत नाही ते गाव त्यांच्या लेखी नकाशातच नाही. रेल्वे काही लुंबिनीच्या दारात जात नाही. बाबा गेले, आईची इच्छा राहून गेली. मागच्या हिवाळ्यात मी जाहीर केलं, "आई, यंदा आपल्या गाडीनं जाऊ! बनारस, गोरखपूर, पुढं सोनौलीची बॉर्डर ओलांडली का आलीच लुंबिनी!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यानं माझं भागलं असतं तर बरं होतं. पण माझा स्वभाव पडला चौकस. रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या गेटवर मी नोकरीला, दिवसभर ट्रकवाल्यांशी गाठ. त्यातला एक जण बोलून गेला, "नेपाल का पेट्रोल अलगच रहता है भैया. गाड़ी मक्खन हो जाती है!"

झालं! अलग म्हणजे कसं? रंग वेगळा? वास वेगळा? आमच्या खानदानात परदेशात गेलेलं कोणी नाही, आणि आमची दहा वर्षांची गाडी तर शेजारच्या दुर्ग शहराच्या पलीकडे क्वचितच गेलेली. तिच्या पोटात फॉरेनचं पेट्रोल पडलं तर ती काय करेल? या विचारानं मला झोप येईना. घरातले सगळे लुंबिनीला निघाले होते. मी निघालो होतो पंपाला.

गोरखपूर सोडलं तेव्हा पेट्रोलचा काटा खाली झुकला होता. शोभानं, म्हणजे आमच्या बायकोनं, तो पाहिला.

"पंप गेला ना मागं! भरून काहून नाही घेतलं?"

"टाकीत जागा ठेवून राहिलो."

"कोणासाठी?"

"फॉरेनच्यासाठी."

मागून आमची मिनी बोलली. (ती कॉलेजात आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. असंच चाललंय तिच्या जन्मापासून.) "पापा, पेट्रोल है, पानीपूरी नहीं!"

बॉर्डरवर गाडीचे कागद करण्यात अर्धी दुपार गेली. पलीकडे गेलो तेव्हा लाल दिवा लागलेला. मी एसी बंद केला, गाणी बंद केली, आणि सगळ्यांना बोलणंही बंद करायला सांगितलं. (बोलण्यानं पेट्रोल जळत नाही हे मला माहीत आहे. पण सगळी माझ्याविषयीच बोलत होती.) शेवटी गाडी खोकत खोकत एका पंपावर पोचली.

"फुल!" मी छाती फुगवून म्हणालो. खाली उतरलो, टाकीच्या तोंडाशी नाक नेलं आणि लांब श्वास घेतला. वास... ओळखीचा वाटला. पंपावरच्या पोऱ्याला विचारलं, "भैया, ये पेट्रोल आता कहाँ से है?"

"इंडिया से."

"मतलब?"

"टैंकर आता है ना साहब. सारा तेल वहीं का है."

शोभानं खिडकीची काच खाली केली. "काय म्हणून राहिला तो?"

"काही नाही, तब्येत विचारून राहिला."

पण मिनीनं ऐकलं होतं. "मम्मी, अपनाच पेट्रोल है. हम उसके पीछे-पीछे इतनी दूर आए हैं!"

आता पैसे द्यायचे. मी मोबाईल काढला. मोबाईलला नेटवर्कच नाही! परदेशासाठी वेगळा रिचार्ज लागतो हे मला माहीत नव्हतं. (पेट्रोलची सोडून इतर चौकशी मी केली नव्हती.) कार्ड दिलं. मशीननं दोनदा विचार करून परत केलं. मग मी ऐटीत पाचशेच्या नोटा काढल्या.

"पाँच सौ का इंडियन नोट यहाँ नहीं चलता साहब. सौ का दीजिए."

सगळ्यांच्या पर्सा उलट्या झाल्या. शंभराच्या दोन नोटा निघाल्या, त्यातली एक फाटकी.

"तो भैया, पेट्रोल वापस निकाल लो!" मी म्हणालो. तो माझ्याकडं असा पाहू लागला की टाकी राहू द्या, मलाच आत घालावं असं त्याच्या मनात आलं असावं.

"बॉर्डर पर नोट बदल लाइए. तीन हजार हुआ. गाड़ी यहीं रहेगी. माताजी को छाँव में बैठा दीजिए."

आईसाठी प्लास्टिकची खुर्ची आली. आई बसली, पदर सावरला आणि भर पंपावर ओरडली, "काहून रे पोट्ट्या! मले गहाण ठेवून चालला काय?"

"आत्ता येतो आई! मंदिर बंद व्हायच्या आत पोचवतो तुले!"

ई-रिक्षानं बॉर्डर गाठली. नोटा बदलणाऱ्यानं आपले दोन हजाराहून कमी घेतले आणि नेपाळी तीन हजार हातात ठेवले! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पंपवाल्याला तीन हजार द्यायचे, आणि ते पडले एवढ्या स्वस्तात! परत येताना रिक्षात मी पायावर पाय टाकून बसलो होतो.

पोऱ्यानं नोटा पाहिल्या. "ये तो एनसी है."

"एनसी क्या?"

"नेपाली. हमने आईसी बताया था. इंडियन. आपकी गाड़ी का नंबर इंडिया का है, इसलिए आपकी सुविधा के लिए हिसाब करके बताया."

त्यानं माझी सोय केली होती! आणि मी नेमक्या तीन हजाराच्या नोटा बदलून आणल्या होत्या. एकही जास्त नाही!

शोभानं खिडकीची काच वर केली. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिच्या बोलण्याला कधी घाबरलो नाही, अशा बंद काचेला घाबरतो. आई मात्र आकाशाकडं पाहत होती. उन्हं कलली होती. "राहू दे रे," ती हळूच म्हणाली. "एवढ्या जवळ आलो, हेच खूप झालं."

हे ऐकून मी आणलेल्या नोटा तशाच पोऱ्याच्या हातात कोंबल्या. मी धावतच रस्त्यावर गेलो आणि पुन्हा बॉर्डरची रिक्षा धरली. या वेळी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या नोटा बदलल्या. नेपाळी नोटांनी दोन्ही खिसे टम्म फुगले. पंपावर येऊन पाहतो तर खुर्ची रिकामी!

"आई कुठं आहे?"

शोभा गाडीत शेंगदाणे खात बसली होती. "गेली."

"कुठं गेली?"

"लुंबिनीले."

मी बॉर्डरवर असताना तिथं डिझेल भरायला एक बस आली होती. आतून मराठी ऐकू आलं आणि आई खुर्चीतून उठलीच! बस नागपूरची, आत पांढऱ्या साड्यांतल्या तीस-चाळीस बाया, आणि त्यातली एक आईच्या माहेरच्या मोहल्ल्यातली निघाली. "अवं माय, तुमी इथं काहून बसल्या?" तिनं विचारलं. "पोरानं ठेवलं," आईनं सांगितलं. एवढ्यावर बसमधल्या बायांनी दानासाठी आणलेल्या शंभराच्या नोटा काढल्या, उरलेले पैसे चुकते केले, आणि मंदिर बंद होईल म्हणून आईला व मिनीला घेऊन निघूनही गेल्या.

"पेमेंट हो गया साहब," पोऱ्या हसून म्हणाला. मी दोन्ही खिसे धरून उभा होतो.

आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होत होतं. आई झाडाखाली त्या बायांमध्ये बसली होती. बुद्धवंदना झाली होती. तिचा चेहरा इतका शांत होता की मी माफी मागायला वाकलो आणि नुसताच पाया पडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मागं वळून बायांना म्हणाली, "हाच तो." सगळ्या बसनं मान वर करून मला पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मंदिर पाहिलं. पण आदल्या संध्याकाळी मिनीनं काढलेला फोटो आता आमच्या बैठकीत लावलेला आहे. मधोमध आई, भोवती सगळ्या बाया, मागं मंदिर. पाहुणे आले की तो पाहतात, आईला विचारतात, "वा! लुंबिनी काय? मुलानं नेलं वाटतं! पण तो कुठं दिसत नाही?"

आई चहाचा कप खाली ठेवते आणि सांगते, "तो? तो पेट्रोल पाहाले आला होता."