विमानाला काळं तेल हवं

रंजनाबाईच्या नादी लागू नये, हे पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. पारोळ्याकडची ही बाई बारा वर्षं गोडादऱ्याच्या खोलीत साड्यांना चमकीचे स्टोन चिकटवत बसली. डोळ्यांची पार वाट लागली, तेव्हा उठली आणि बॅटरीवरचा टेम्पो चालवायला शिकली. आता ती पांडेसरा-बमरोलीतल्या चाळीस खानावळी आणि नाश्त्याच्या हातगाड्यांवरून तळून काळं झालेलं तेल गोळा करते. कशाला? तर त्याचं विमानाचं इंधन होतं. २०२७ पासून परदेशी जाणाऱ्या विमानांत शंभरात एक हिस्सा तरी असं इंधन घालायचं सरकारनं ठरवलंय, म्हणजे आभाळात कार्बन तेवढा कमी जाईल. नवरा आधी हसला होता. "भज्यांच्या तेलावर विमान? कुणी टोपी घातली गं तुला?" रंजनाबाई म्हणाली, "तुम्ही बसा जमिनीवरच." आणि गेली की कामाला!

एका मंगळवारी तेल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस श्रीरंग मीटर घेऊन उभा राहिला. पोरगा नांदेडचा, सरळ, पण नियमाचा पक्का.

"ताई, या तीन कॅन बघा. तेल किती खराब झालं त्याचा आकडा पंचवीसच्या वर हवा, हा वीसवरच अडकलाय. म्हणजे हे तेल अजून खाण्यासारखं आहे."

"मग चांगलंच झालं की!"

"कसलं चांगलं? माणसांच्या तोंडचं तेल विमानात जाळायचं नाही, टाकाऊच घ्यायचं, असा नियम आहे. लोक स्वस्तातलं पामतेल मिसळून टाकाऊ म्हणून खपवतात. कॅनवर सील तुमचं आहे. उद्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

"चोर म्हणताय मला?" रंजनाबाई अशी कडाडली की शेजारचा चहावाला किटली ठेवून बघायला आला. हे काम गेलं तर पुन्हा ती खोली, पुन्हा ते स्टोन. पण घाबरून गप्प बसेल ती रंजनाबाई कसली! तिनं कॅनवरचे नंबर वाचले. तिन्ही कॅन पुष्पाबाईच्या खानावळीतल्या, तीन आठवड्यांच्या.

"बसा टेम्पोत," ती म्हणाली. "आणि तिथं तोंड उघडू नका."

पुष्पाबाई धुळ्याची. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या साठ कामगारांना दोन वेळा जेवू घालणारी. रंजनाबाई एवढंच म्हणाली, "मावशी, या आठवड्याचं तेल दे." पुष्पाबाईनं कढईतलं काळं तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळलं. मग नव्या डब्यातून तांब्याभर ताजं तेल काढलं आणि वरून खुशाल ओतलं!

"अहो, हे काय करताय?" श्रीरंगला राहवलं नाही.

पुष्पाबाईला त्याचंच नवल वाटलं. "निस्तं जयेल तेल मना दारमाईन कसं धाडू, भाऊ? ईमानमा लोकेसना पोरंसोरं बसतस!"

नुसतं जळकं तेल कसं धाडायचं, आपल्या दारातून काही बाहेर जायचं तर त्यात थोडं चांगलं असावं, ही तिची जन्माची रीत. शेजारणीची वाटीसुद्धा तिनं कधी रिकामी परत केली नव्हती. श्रीरंगनं नियम परत समजावला. पुष्पाबाईनं ऐकून घेतलं आणि कॅन ओढून आपल्यामागे ठेवली. "मग नेऊच नका. असलं देणं माझ्या हातून व्हायचं नाही."

आली का पंचाईत! श्रीरंगनं खिशातून पेन काढला. रंजनाबाईनं मात्र वाद घातला नाही. टेम्पोतून आपला दुपारचा रिकामा कडीचा डबा आणला, नळाखाली धुतला, पदरानं कोरडा केला आणि पुढे धरला.

"मावशी, रीत नको मोडू. यापुढं निव्वळ काळं विमानाला दे. चांगलं मला दे. विमानाच्या वाटचं मी खाईन."

पुष्पाबाईनं तांब्या उचलला. श्रीरंगनं कागदावर लिहिलं, 'कारण सापडलं, नाव कायम.' रंजनाबाईचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले. इकडे एक तांब्या झाला, दुसरा झाला, तेल डब्याच्या काठाला लागलं.

"अवं मावशी, बस! विमानाला तर एकच तांब्या देत होतीस ना?"

"ईमान मना कोन लागस?" पुष्पाबाई म्हणाली. "तुले जास्त नही देसू का?"