नाना उठून बाहेर बसले

इन्स्पेक्टरसाहेबांनी नानांकडे बोट करून सुमनला विचारलं, "हू इज ही?" सुमन उभी राहिली. मान खाली, तोंडातून शब्द नाही.

धुळ्याजवळच्या एका गावात मी इंग्रजी शिकवत होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. इंग्रजी आठवीपासून असे. 'ही इज' घाईने म्हटलं की 'हीज' होतं, 'आय अ‍ॅम'चं 'आय्‌म'. लिहिताना गळलेल्या अक्षराच्या जागी वर एक बारीक स्वल्पविराम द्यायचा. हे मी डायरेक्ट मेथडने शिकवी, म्हणजे मराठी न वापरता, समोरची माणसं दाखवून. म्हणून तपासणीच्या दिवशी 'हीज'साठी शाळा कमिटीचे चेअरमन नाना यांनाच मी वर्गापुढे खुर्चीवर बसवलं. मला ती युक्ती फार नामी वाटली होती.

सुमन वर्गातली एकटी मुलगी. चार दिवस तिने हे घडाघडा म्हटलं होतं. तिच्या वडिलांनी मला बजावलं होतं, "सायेब चांगलं बोलनात तर शिकाडसू. नहीतं दिवाळीनंतर लगीन." साहेबांचा शेरा चांगला आला तरच पुढची शाळा.

साहेबांनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. पोरंही खाली बघत होती. मला तिचा राग आला. मी डोळे वटारले, आज त्याची लाज वाटते.

"हिला काही येत नाही वाटतं," साहेब म्हणाले आणि वहीकडे वळले.

तेवढ्यात नाना उठले. "सायेब, मन्ही व्हनारी सून शे ती. आइतवारे साखरपुडा झाया. मन्हामोरे बोलाव नही. मी बाहेर बठस."

ही सोयरीक माझ्याखेरीज सगळ्या वर्गाला ठाऊक होती. मी पडलो वाईकडचा. रविवारी धुळ्यात पुस्तकं आणायला गेलेलो.

नाना ओट्यावर पाठ करून बसले. साहेबांनी दारातून त्यांच्याकडे बोट केलं. "हू इज ही?"

"हीज अवर चेअरमन, सर," सुमन म्हणाली. मग 'आय्‌म', 'शीज', सगळं न अडखळता. साहेबांनी वहीत 'उत्तम' लिहिलं.

तास संपल्यावर नाना म्हणाले, "मास्तर, तिले इतलं येस?" तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"लग्न थांबवा, नाना. मॅट्रिक होऊ द्या तिला."

 "नववी व्हऊ द्या," नाना म्हणाले.

साखरपुड्यानंतर लग्न कधी ते नानांच्या हाती होतं. मी पुष्कळ घासाघीस केली. ते नववीच्या पुढे सरकले नाहीत. एक वर्ष मिळालं याचा मला आनंद झाला, आणि एकच मिळालं याचं वाईटही वाटलं.

त्यानंतर नवा वर्ग हाती आला की मी आधी कोण कोणाचं कोण लागतं ते विचारून घेई. ट्रेनिंग कॉलेजात हे शिकवत नाहीत. सुमन नववीत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.